आकडा लाल आला म्हणून स्कूटर सोडायची का?

वाचकांचे प्रश्न : मन आणि मेंदू

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा आला. कुणाची शिबिरात, कुणाची दवाखान्यात, कुणाची मोबाईलवर अशी 'डोक्याची चाचणी' झाली, आकडा हातात पडला आणि घरात घालमेल सुरू झाली. मी नागपुरात धंतोलीत बावीस वर्षं या चाचण्या घेते. आधी कागद, पेन्सिल आणि स्टॉपवॉच होतं, गेली सात वर्षं संगणकही आहे. म्हणून या अंकात बाकीची पत्रं बाजूला ठेवून एवढ्याच विषयाची घेतली आहेत.

ताई, माझे बाबा ७१ वर्षांचे, रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. मे महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या हॉलमध्ये शिबिर झालं. टॅबलेटवर वीस मिनिटं खेळासारखी चाचणी घेतली आणि लगेच कागद दिला. त्यावर लाल अक्षरात 'कार्यकारी क्षमता : अपेक्षेपेक्षा कमी'. त्याच संध्याकाळी बाबांनी स्कूटरची किल्ली माझ्या हातात ठेवली. बारा वर्षं सोसायटीचे हिशेब पाहत होते, तेही सोडले. 'माझं डोकं गेलं,' एवढंच म्हणतात. आम्हाला घरात काहीच फरक जाणवला नव्हता. काय करू?
— एक मुलगी, त्रिमूर्तीनगर

तुमचं पत्र वाचून मी अस्वस्थ झाले. वीस मिनिटांच्या चाचणीने बारा वर्षांचं काम माणसाच्या हातून सुटावं, हे मला फार लागलं. पत्रावरून मी निदान करत नाही, पण त्या एका कागदावरून स्कूटर आणि हिशेब सोडण्यासारखं काहीही ठरत नाही, एवढं बाबांना आजच वाचून दाखवा.

'कार्यकारी क्षमता' हा शब्द ऐकून लोकांना सरकारी खात्याची आठवण होते. मी माझ्याकडे येणाऱ्यांना 'मेंदूचं कर्तेपण' असं सांगते. घरातलं कर्तं माणूस सगळी कामं स्वतः करत नाही. आधी काय, नंतर काय, कोणतं आत्ता थांबवायचं, हे ते पाहतं. मेंदूत हे काम मुख्यतः कपाळामागच्या भागाच्या भरवशावर चालतं. अकिरा मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली या कर्तेपणाची तीन अंगं वेगळी करून दाखवली आणि आजच्या बहुतेक संगणकीय चाचण्या त्याच तीन अंगांभोवती फिरतात.

बाबांच्याच आयुष्यातून सांगते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात अजनी चौकात आलं की स्कूटर आपोआप ऑफिसच्या रस्त्याला लागायला बघते आणि आपण हात आवरतो. हे पहिलं अंग, आवरणं. कॉटन मार्केटात चार ठिकाणी भाजी घेताना आतापर्यंत किती झाले हे डोक्यात धरून दर वेळी त्यात भर घालत जाणं हे दुसरं. हिशेब चालू असताना कुणी विचारलं, 'काका, पाण्याच्या टाकीचं काय झालं?' तर त्याला उत्तर देऊन बरोबर त्याच रकान्यावर परत येणं हे तिसरं, वळणं.

शिबिरात यातलं पहिलं अंग बहुधा रंग आणि शब्दाच्या चाचणीने मोजलं असणार. १९३५ साली जॉन रिडली स्ट्रूप यांनी ती मांडली. पडद्यावर 'हिरवा' हा शब्द येतो, पण तो रंगवलेला असतो लाल. तुम्ही शब्द वाचायचा नाही, रंग सांगायचा. वाचायची सवय इतकी मुरलेली असते की 'हिरवा' तोंडाशी येतो आणि तो गिळून 'लाल' म्हणावं लागतं. त्या गिळण्याला जो क्षणभर वेळ लागतो, तो यंत्र मोजतं.

आता इथेच घोटाळा होतो. तो मी स्वतः केलेला आहे, म्हणून सविस्तर सांगते.

संगणकावर चाचण्या घ्यायला लागले त्या पहिल्याच उन्हाळ्यात एका निवृत्त शिक्षिकांची चाचणी घेतली. वय ७४. बाहेर ४५ अंश, खोलीत कूलरची घरघर. बाई पडद्यावर वाकून बसल्या होत्या. शब्द आला की त्यांचं बोट बरोबर चौकोनावर जायचं, पण चौकोन दाबला जायचा नाही. त्या बोट पदराला पुसायच्या आणि पुन्हा दाबायच्या, या वेळी जरा जोरात. तोवर पुढचा शब्द आलेला असायचा आणि आधीच्या उत्तराचं बोट नव्या शब्दावर पडायचं. यंत्राने नोंद केली : उशीर, उशीर, चूक, चूक. त्यांच्या बोटांची टोकं वयाने आणि उन्हाळ्याने कोरडी पडली होती आणि असा पडदा कोरडं बोट नीट ओळखत नाही. मला हे दिसत होतं, पण काय दिसतंय ते कळलं नाही. मी कागद छापला, मुलाला बोलावलं आणि गंभीर चेहऱ्याने बोलले. तीन आठवड्यांनी त्याच बाईंना साधं बटण देऊन चाचणी घेतली, तेव्हा वयाला शोभेलसा निकाल आला. त्या तीन आठवड्यांत त्यांनी नातवाचा अभ्यास घेणं बंद केलं होतं. ते मला अजून टोचतं. तेव्हापासून चाचणीच्या आधी मी प्रत्येकाला पडद्यावर दहा वेळा नुसतं बोट टेकवायला लावते. दहापैकी दोन वेळाही पडदा चुकला, तर बटण जोडते.

यंत्राचा स्वतःचाही वेग असतो. साधा पडदा सेकंदात ६० वेळा उजळतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये सुमारे १७ मिलिसेकंद जातात. बोटाचा स्पर्श नोंदवायला त्याहून जास्त लागतात आणि हा उशीर प्रत्येक टॅबलेटचा वेगळा असतो. म्हणून नुसता वेग पाहून मी काहीच बोलत नाही. सरळ शब्दांना (शब्द आणि रंग एकच) लागलेला वेळ आणि उलट्या शब्दांना (शब्द एक, रंग दुसरा) लागलेला वेळ यांतला फरक पाहते. बोट जड असो, पडदा मंद असो, तो अडथळा दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो, त्यामुळे फरक बऱ्यापैकी विश्वासाचा राहतो. शिवाय वयाबरोबर विचारांचा वेग मंदावतो, तो तर तिशीपासूनच हळूहळू उतरू लागतो. टिमथी सॉल्टहाउस यांनी १९९६ साली हे नीट मांडलं होतं की उतारवयातली बरीचशी घसरण या मंदपणातूनच येते. मंद झालेला माणूस आणि कर्तेपण गमावलेला माणूस हे दोन वेगळे आहेत. बाबांच्या कागदावर हा फरक दिलेला आहे का, की नुसता एक आकडा आहे, ते बघा.

'अपेक्षेपेक्षा कमी' याचा अर्थही समजून घ्या. अशा चाचण्यांत साधारणपणे निरोगी माणसांपैकीच दर १०० मधले १६ जण ठरावीक रेषेच्या खाली येतात, कारण रेषा तशीच आखलेली असते. सहा उपचाचण्या दिल्या तर धडधाकट माणसाचीही एखादी खाली येणं अगदी नेहमीचं आहे.

आणि एक हिशेब बाबांनाच करायला द्या, त्यांच्या खात्यातला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरच्या दर १०० जणांत साधारण ७ जणांना स्मृतिभ्रंश आहे. समजा, १००० ज्येष्ठ शिबिराला आले. त्यांतले ७० आजारी. चाचणी बऱ्यापैकी चांगली आहे असं धरू : आजाऱ्यांपैकी १०० मधले ८० पकडते आणि निरोग्यांपैकी १०० मधल्या २० जणांना चुकून लाल शेरा देते. म्हणजे आजारी ५६ सापडले. पण उरलेल्या ९३० निरोग्यांतल्या १८६ जणांच्या हातातही लाल कागद. एकूण लाल २४२, त्यांत खरे आजारी ५६, म्हणजे चारात एकसुद्धा नाही. चाळणीचं काम एवढंच असतं की कुणाकडे पुन्हा नीट पाहायचं ते सांगणं. तक्रार नसलेल्या ज्येष्ठांची सरसकट चाळणी करावी की नाही, यावर अमेरिकेतल्या तज्ज्ञ गटाने २०२० मध्येही 'पुरेसा पुरावा नाही' असंच म्हटलं होतं.

आता काय करायचं ते. चष्म्याचा नंबर तपासा, कान तपासा. हॉलमध्ये कूलर चालू असताना टॅबलेटमधली सूचना त्यांना ऐकू आली होती का, हे विचारा. रक्तात बी-१२ आणि थायरॉइड पाहून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं आणि शाकाहारी माणसात ते आधीच काठावर असतं. औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे उलटी करा. झोपेची गोळी, सर्दीची झोप आणणारी जुनी गोळी, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली काही औषधं, ही सगळी डोक्यावर झापड आणतात. मनाने काही बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. मग सकाळच्या वेळी, शांत खोलीत, माणसाने समोर बसून घेतलेली सविस्तर चाचणी करून घ्या.

तोवर सोसायटीचे हिशेब त्यांच्याकडेच राहू द्या. हवं तर कोषाध्यक्षांनी महिनाभर सोबत बेरीज तपासावी. चूक झाली तर ती वहीत दिसेल, आणि शिबिराच्या कागदापेक्षा त्या वहीवर माझा भरवसा जास्त आहे. स्कूटरचं म्हणाल तर दोन-तीनदा मागे बसून जा. सिग्नल, उजवं वळण, मध्येच आलेलं कुत्रं, हे ते कसं सांभाळतात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मी ४६ वर्षांची, बँकेत अधिकारी. रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाईलवर एक चाचणी दिली. चौकोन चमकतात, दोन पायऱ्या आधी चमकला होता तोच पुन्हा चमकला तर दाबायचं. निकाल आला : 'मेंदूचं वय ५८'. हल्ली काउंटरवर बोलता बोलता शब्द सापडत नाही, फाईल हातात घेऊन कशाला घेतली तेच विसरते. हे लवकर सुरू झालेलं काही आहे का? त्याच ॲपचे मेंदूच्या व्यायामाचे पैसे भरावेत का?
— मनीषनगर

तुम्ही वेळ लिहिली नाहीत, पण रात्रीचे साडेबारा तरी झाले असतील, असं धरून चालते. झोप नसलेल्या डोक्याची लक्षाची चाचणी घेतली की ती झोपेचीच चाचणी होते.

चौकोनांची ही चाचणी प्रयोगशाळांत १९५८ पासून वापरात आहे. डोक्यात धरलेलं सतत बदलत ठेवण्याची क्षमता ती चांगली ताणते, इतकी की तरुण पोरंही तिसऱ्या पायरीला घाम पुसतात. पण 'मेंदूचं वय' हा आकडा कसा काढला, कुणाशी तुलना करून काढला, हे ॲप सांगत नसेल तर त्याला काही अर्थ देऊ नका. तुमच्या वयाच्या, तुमच्याइतकं शिकलेल्या, मराठी बोलणाऱ्या किती बायकांनी ती आधी दिली होती?

शब्द न सापडणं, हातातलं विसरणं, हे पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षांत बऱ्याच जणींना होतं आणि बहुतेकींचं पुढे सावरतं. त्यात झोप मोडलेली, बँकेत एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने पासबुक. एका कामावरून दुसऱ्यावर वळताना दर वेळी थोडा वेळ आणि थोडी अचूकता जाते, हे आर्थर जेर्सिल्ड यांनी १९२७ सालीच मोजून दाखवलं होतं. दिवसाला दोनशे वेळा वळलात तर संध्याकाळपर्यंत डोकं रिकामं वाटणारच. हा आजार नव्हे, शीण आहे, आणि त्याची दखल घ्यायला हवी. घोरता का, सकाळी डोकं जड असतं का, मन उदास असतं का, हे घरातल्यांना आणि डॉक्टरांना विचारा. मन फारच खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

पैशांबद्दल स्पष्ट सांगते : भरू नका. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या २८०२ जणांवर मोठा अभ्यास झाला, २००२ साली त्याचे निकाल आले. ज्यांना स्मरणाचा सराव दिला त्यांचं स्मरण सुधारलं, ज्यांना तर्काचा दिला त्यांचा तर्क, ज्यांना वेगाचा दिला त्यांचा वेग. एकाचा सराव करून दुसरं वाढलं नाही. त्यातल्या तर्काचा आणि वेगाचा लाभ दहा वर्षांनीही थोडा टिकलेला दिसला, म्हणजे सराव अगदीच वाया जातो असं मी म्हणत नाही. पण चौकोन दाबण्याचा सराव केला तर चौकोन दाबणं सुधारेल. काउंटरवर शब्द सापडेल अशी हमी त्यात नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मेंदूच्या खेळांच्या एका गाजलेल्या कंपनीकडून फसव्या जाहिरातींबद्दल २० लाख डॉलर वसूल केले, ते अशाच आश्वासनांसाठी. त्याच पैशांत चालायचे बूट घ्या आणि सकाळी अंबाझरीला चाळीस मिनिटं चाला. मोबाईल रात्री दहाला दुसऱ्या खोलीत ठेवा.

माझी आई काटोलजवळच्या गावात राहते, वय ७८, चौथी शिकलेली. मुंबईचा भाऊ म्हणतो, इथे आणून तिची कॉम्प्युटरवर चाचणी करू. आई म्हणते, 'मले काई त्या डब्यात बोट घालाचं नाई.' जबरदस्ती करावी का?
— सक्करदरा

मुळीच करू नका. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

सर्वांत जास्त वापरली जाणारी एक जोडणीची चाचणी आहे. कागदावर किंवा पडद्यावर आकडे आणि अक्षरं विखुरलेली असतात, १ पासून अक्षराला, तिथून २ ला, पुन्हा पुढच्या अक्षराला, असं रेघ न मोडता जायचं. १९४४ साली अमेरिकन लष्करासाठी ती तयार झाली. तिचं मराठी करायचं म्हटलं की क, ख, ग, घ पर्यंत ठीक, मग येतो ङ. चौथी शिकून साठ वर्षं शेतात राबलेली माऊली तिथे थांबते, तर ते मेंदूचं थांबणं म्हणायचं की शाळेचं? मी स्वतः ङ पाशी किती जणांना अडखळताना पाहिलं आहे, त्यांत पदवीधरही आहेत. म्हणूनच १९९६ साली अक्षरं काढून टाकून दोन रंगांची वर्तुळं घेतलेली चाचणी आली : गुलाबी १, पिवळा २, गुलाबी ३. आकडे ओळखता येत असले की पुरे. पण आकडे कोणते, देवनागरी की इंग्रजी, हेसुद्धा तुमच्या आईसाठी आधी विचारायला हवं.

१९९५ साली हरियाणातल्या बल्लभगढच्या ग्रामीण, न शिकलेल्या लोकांसाठी संशोधकांनी परदेशी प्रश्नावली बदलून घेतली होती. वाक्य लिहा म्हणण्याऐवजी घराबद्दल काही सांगा, अशा धर्तीवर. बंगळुरूच्या निम्हान्सने २००४ मध्ये जो चाचण्यांचा संच काढला, त्यात वय आणि शिक्षण पाहून तुलना करायची सोय केली. मॉन्ट्रिअलची ३० गुणांची चाचणी आपल्याकडे फार चालते, मराठीतही आहे, पण २६ ची तिची रेषा चौथी शिकलेल्या बाईला जशीच्या तशी लावणं हा अन्याय आहे.

भावाला सांगा, आईला आणू नका, तुम्ही दोघं गावी जा आणि दोन दिवस राहा. दूध किती घेतलं, कुणाचे पैसे द्यायचे राहिले, चुलीवर ठेवलेलं आणि अंगणातलं वाळवण हे ती एकाच वेळी कसं सांभाळते, ते पाहा. मागच्या पोळ्याला करत होती आणि या पोळ्याला सोडून दिलं, असं काही आहे का, हे शेजारणीला विचारा. कानाची तपासणी मात्र नक्की करा. २०२४ साली लॅन्सेट नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची जी १४ टाळता येण्याजोगी कारणं सांगितली, त्यांत ऐकू न येणं आहे आणि न दिसणंही आहे.

रोज सुडोकू सोडवला तर पुढच्या वेळी चाचणीत गुण वाढतील का? ती फसवणूक होईल का?
— धरमपेठ, वय ६६

सुडोकूने सुडोकू वाढेल. चाचणीच पुन्हा दिलीत तर मात्र गुण हमखास थोडे वाढतील, कारण दुसऱ्यांदा काय करायचं ते माहीत असतं. म्हणून दोन चाचण्यांत मी सहसा वर्षाचं अंतर ठेवते आणि नमुना बदलते. वर्षभराने तेवढेच गुण आले, नेहमीची छोटी वाढही दिसली नाही, तर ते मी लक्षात ठेवते. फसवणुकीचं मनात आणू नका. आवडतो तर सोडवा.

ताई, हे पत्र मी सौ.ला न दाखवता लिहितोय. ती ६१ वर्षांची, शाळेत मुख्याध्यापिका होती. गेल्या दीड वर्षात ती बदलली आहे. आमच्याकडे महालक्ष्म्या असतात. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सवाष्णी, हे सगळं ती चाळीस वर्षं एकहाती करायची. यंदा सकाळी अकरापर्यंत पुरणाची डाळ शिजायला टाकलेली नव्हती, आणि फुलं तीनदा आणली. माझ्या भावाच्या तेरवीला ती मोठ्याने हसली. रोज संत्राबर्फीचा अर्धा किलोचा डबा एकटी संपवते, आधी गोड खायची नाही. मुलीने संगणकावरची चाचणी करवून घेतली, तिचा निकाल 'उत्तम'. सगळे म्हणतात, मीच संशयी झालोय. ती चाचणी खरी की मी?
— महाल

तुम्ही खरे, काका. सगळ्यांत आधी हे तुम्हाला सांगायचं होतं, पण पत्रं आली त्या क्रमाने घेतली, त्याबद्दल माफ करा.

या चाचण्यांत एक उणीव आहे आणि ती आम्हाला फार वर्षांपासून ठाऊक आहे. १९९१ साली टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी लंडनमध्ये तीन रुग्णांबद्दल लिहिलं. तिघांच्याही मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेली. टेबलावरच्या बहुतेक चाचण्यांत ते चांगले गुण मिळवत. घरी मात्र त्यांचा दिवस उभा राहत नव्हता. तेव्हा या दोघांनी त्यांना रस्त्यावर पाठवलं : अमुक वस्तू घ्या, तमुक माहिती काढा, अमुक वेळी अमुक ठिकाणी या, हे नियम मोडू नका. तिथे त्यांची अडचण उघडी पडली.

का, ते माझ्या खोलीत बसलं की कळतं. खोली शांत असते. मी सांगते, 'आता सुरू करा.' मी सांगते, 'आता थांबा.' एका वेळी एकच काम समोर ठेवते. म्हणजे कर्तेपणाचं निम्मं काम मीच, किंवा संगणकच, करून देतो. महालक्ष्म्यांच्या सकाळी कुणी 'सुरू करा' म्हणत नाही. डाळ कधी टाकायची हे आठच्या आत स्वतःच ठरवावं लागतं.

म्हणून गेली काही वर्षं मी गरज वाटली की माणसाला धंतोलीतच बाहेर घेऊन जाते. हातात चिठ्ठी आणि शंभर रुपये. औषधाच्या दुकानातून चिकटपट्टी आणायची, झेरॉक्सवाल्याला दुकान किती वाजता बंद होतं ते विचारायचं, पोस्टातून एक अंतर्देशीय पत्र, पावणेअकराला कोपऱ्यावरच्या झाडाखाली मला भेटायचं, एका दुकानात दोनदा शिरायचं नाही. मी पाच पावलं मागे वही घेऊन. एक निवृत्त अभियंते होते, संगणकावर पहिल्या श्रेणीचे. झेरॉक्सच्या दुकानात शिरले, मालकाशी पंधरा मिनिटं उन्हाळ्यावर बोलले, बाहेर आले, चिठ्ठी पाहिली, पुन्हा त्याच दुकानात शिरले. हातात चिकटपट्टी नाही, पत्र नाही. अकरा वाजून गेले तरी झाडाची आठवण नाही. मला भेटल्यावर म्हणाले, 'झालं सगळं.' त्यांच्या बायकोचे डोळे भरून आले, कारण दोन वर्षं ती हेच सांगत होती.

वागण्यातला बदल मेंदूच्या याच भागातून येऊ शकतो, हेही जुनं आहे. १८४८ साली अमेरिकेत फिनिअस गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंगाची लोखंडी कांब आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला, पण ओळखीचे म्हणू लागले, हा आमचा गेज नव्हे.

सौ. वहिनींना काय झालंय ते मी पत्रावरून सांगू शकत नाही. नैराश्य, थायरॉइड, एखादं औषध, मेंदूतल्या रक्तवाहिनीची अडचण, यांतलं काहीही असू शकतं आणि यातल्या काहींवर उपचार आहेत. पण साठीच्या आसपास स्वभाव बदलणं, प्रसंगाचं भान सुटणं, गोडाची अनावर ओढ लागणं आणि नियोजन कोसळणं हे एकत्र दिसलं, तर मेंदूच्या पुढच्या भागाच्या झिजेचा एक आजार डॉक्टरांना तपासावा लागतो. त्यात स्मरण बराच काळ चांगलं राहतं, म्हणून 'उत्तम' चा शेरा मिळतो आणि घरच्यांचं कुणी ऐकत नाही. थांबू नका. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा, ते एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्या सांगतील. मेडिकललाही, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही, हे होतं, खाजगीतच जायला हवं असं नाही. तोवर बँकेचं एटीएम कार्ड आणि मोठे व्यवहार हळूच तुमच्याकडे किंवा मुलीकडे घ्या. भांडून नको.

आणि आजपासून वही करा. तारीख, काय झालं, आधी त्या ते कसं करायच्या. 'विचित्र वागली' असं लिहू नका. 'अकरा वाजेपर्यंत डाळ टाकली नव्हती, फुलं तीनदा' असं, जसं तुम्ही मला लिहिलंत तसंच लिहा. डॉक्टरांकडे जाताना चाचणीचा तो 'उत्तम' कागद न्याच, पण वही वर ठेवा. मुलीलाही सोबत न्या. तिच्यासमोर डॉक्टरांनी तुम्हाला विचारावं आणि तुम्ही सांगावं, हे तिलाही ऐकायला मिळू दे.